घारीचा शेवटचा अंक

बायको गेल्याचं मला लिफ्टच्या शाफ्टमध्ये कळलं. मी केबिनच्या टपावर उभा होतो, दोन मजल्यांच्या मध्ये, आणि केबिनच्या आत एक म्हातारी अडकलेली होती. माझा फोन खाली अवजारांच्या पिशवीत होता. मुलीनं त्यावर लावून लावून शेवटी इमारतीच्या ऑफिसात फोन केला. तिथला कारकून वरच्या मजल्यावर आला, दार उघडून वाकला आणि ओरडला, "मिस्त्री, हॉस्पिटलातून निरोप आहे. तुमच्या मिसेस गेल्या."

शाफ्टमध्ये आवाज घुमतो. ते वाक्य तळापर्यंत जाऊन परत वर आलं.

म्हातारीनंही ऐकलं असणार. ती आतून म्हणाली, "मग आता मला कोण काढणार?"

मीच काढलं. वर मशीनरूममध्ये गेलो, ब्रेक ढिला करून केबिन हातानं मजल्याला आणली, दार उघडलं. म्हातारी बाहेर आली, कपडे झटकले आणि म्हणाली, "वाईट झालं हो. पण माणसाला इतका वेळ कोंडून ठेवायचं नसतं."

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा दादा माझ्या आधी आलेले होते. दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. दातांचे डॉक्टर, आता दवाखाना बंद करून घरी बसलेले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. माझ्या हाताला ग्रीस होतं म्हणून त्यांनी माझा हात धरला नाही, खांद्याला बोटं लावली.

"सुटली," ते म्हणाले.

मुलगी मला कोपऱ्यात घेऊन गेली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत होता. "बाबा, मामा कपाटाची किल्ली विचारत होता."

"आत्ता?"

"आत्ता. आई आत आहे आणि तो मला विचारतो, किल्ली तिच्या पर्समध्ये असते का गं अजून."

हे कपाट म्हणजे आमच्या घरातलं लोखंडी कपाट. घरात एकच आहे. लग्न झाल्यावर मला वाटलं होतं की त्यात कपडे राहतील. कपडे भिंतीवरच्या खुंट्यांवर राहिले, कपाटात कॉमिक्स राहिली. सगळी एकाच मालिकेची. तिचं नाव घार.

घार ही बाई आहे. दिवसा उंच इमारतींच्या काचा पुसते आणि अंधार पडला की तोंडावर मुखवटा चढवून त्याच इमारतींवर चढते. श्रीमंतांनी दुसऱ्यांचं जे काही लुबाडलं असेल ते उचलून ज्याचं त्याला परत देते. तिच्याबरोबर बटण नावाचा एक बुटका पाकीटमार असतो, तो भित्रा आहे आणि सारखा खात असतो. तिचा वैरी भुयारी. तो शहराच्या खाली बोगदे खणतो आणि जमिनीवर आला की त्याला शिंका येतात. एवढंच. मी मूर्खपणा म्हणायचो. बायकोचं म्हणणं, मूर्खपणा तर आहेच, पण घार कधी दमत नाही.

"मी शाळेत होते तेव्हा ती एखाद्या ताईच्या वयाची होती," ती एकदा म्हणाली. "लग्न झालं तेव्हा आम्ही बरोबरीच्या झालो. आता ती माझ्या लेकीएवढी आहे. माझे गुडघे गेले, ती अजून पाइपावरून चढतेच आहे."

मी म्हणालो, "लिफ्टनं का जात नाही?"

"तुमच्यासारख्यानं दुरुस्त केलेल्या लिफ्टनं गेली असती तर पहिल्याच अंकात संपली असती."

ती गणवेश शिवायची. हॉस्पिटलांचे, शाळांचे, पहारेकऱ्यांचे. दिवसभर एकसारख्या बाह्या लावून मान आखडली की कपाट उघडायची, हात धुऊन पुसायची आणि एक अंक काढून जमिनीवर बसून वाचायची. प्रत्येक अंकाला तिनं शिवणातल्या उरलेल्या पातळ कापडाची पिशवी केली होती. प्लॅस्टिक नाही. प्लॅस्टिकमध्ये कागद घुसमटतो म्हणायची. आणि वाचण्यासाठी असलेली वस्तू वाचलीच पाहिजे असा तिचा हट्ट होता. कोणत्या अंकात कोणत्या पानावर काय आहे हे तोंडपाठ असूनही.

हे वेड दोघा भावंडांचं. लहानपणी दोघं खाऊचे पैसे एकत्र करून अंक घ्यायची. मग ती लग्न होऊन निघाली तेव्हा दादा म्हणाले, तूच ने, मला दवाखान्यात जागा नाही. सगळे अंक तिला दिले. एक सोडून. शेवटचा.

त्याच्या आधीच्या अंकात घार घड्याळाच्या मनोऱ्यावरून पडते. भुयारीनं मनोरा खालून पोखरलेला असतो. शेवटच्या चित्रात ती हवेत आहे, हात पसरलेले, आणि खाली बटण वर बघतोय. पुढचा अंक शेवटचा, अशी जाहिरात. तो अंक छापणाऱ्यांनी प्लॅस्टिकमध्ये बंद करून विकला, आत घारीचा पुठ्ठ्याचा मुखवटा फुकट, कानाला अडकवायचा रबर लावलेला. थोडेच छापले आणि त्यांचं दिवाळं वाजलं. भावंडांना एक मिळाला. बहीण फाडायला निघाली तर भाऊ म्हणाला, थांब. तुझी परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, मग म्हणाला, माझी होऊ दे. मग नोकरी, मग लग्न. पुढे दादांनी तो तसाच बंद, चौकटीत घालून दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत टांगला. दात काढायला आलेली पोरं त्याच्याकडे बघत बसायची. चौकटीला हात लावला की आतून दादांचा आवाज यायचा.

कोणी सांगायचं घार मरते. कोणी सांगायचं भुयारीशी लग्न करते. मुलीनं मोबाइलवर शोध शोध शोधलं, नुसतं मुखपृष्ठ सापडलं. बायकोला ऐकीव नको होतं. ती म्हणायची, चित्र बघितल्याशिवाय मला कोणाचं खरं वाटणार नाही.

दादांचं मत वेगळं होतं, आणि आमच्या घरी चहा पिताना ते बहिणीला ऐकवायचे. "चिमे, शेवट वाचला की संपलं. बाकी सगळ्यांनी फाडून वाचला, त्यांच्यासाठी ती मेली. माझ्याकडे ती अजून हवेत आहे. पडलेली नाही. कळतंय का?"

तरुण होती तोवर ती यावर हसायची. मला वाटतं, तिला ते थोडं पटायचंही.

मग ती आजारी पडली. पोटाचं होतं, आणि उशिरा कळलं. डॉक्टरांनी आता घरी न्या की इथंच ठेवा हे तुमच्यावर, असं म्हटल्यावर ज्याला जे कळायचं ते कळलं. तिनं दादांना बोलावून घेतलं. म्हणाली, "दादा, तो अंक आण."

दादांनी आणला. चौकटीतून काढून, मऊ फडक्यात गुंडाळून. मला वाटलं, शेवटी माणूस आहे. त्यांनी तिच्या हातात दिला नाही. आधी नर्सकडून रबरी हातमोजे मागून घेतले, तिच्या हातात घातले. सुईनं टोचून टोचून तिचे हात काळेनिळे झाले होते, मोजा चढताना ती कळवळली. मग अंक तिच्या छातीवर ठेवला.

तिनं मुखपृष्ठ बघितलं. प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं.

"उघड ना."

"तू बरी झालीस की उघडू."

"मी बरी होणार नाहीये. तू डॉक्टर आहेस."

"दातांचा," दादा म्हणाले.

"मला पडता पडता जायचं नाही रे. खाली काय आहे ते बघू दे."

दादांनी मान वर केली. पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, "चिमे, न उघडलेली ही एकच प्रत राहिली असेल जगात. तुला चालेल, आपल्या हातून ती जावी?"

"हो."

"तू औषधाच्या गुंगीत आहेस."

त्यांनी अंक उचलला. तिच्या मोज्याचा ओलसर ठसा प्लॅस्टिकवर उमटला होता. तो त्यांनी रुमालानं पुसला. तोंडाची वाफ देऊन परत पुसला. मी पलंगाच्या पलीकडे उभा होतो. मी म्हणालो, "दादा, ठेवा तो इथंच." ते म्हणाले, "मिस्त्री, ही आमची भावंडांची गोष्ट आहे." आणि ते खरंच होतं, म्हणून मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली. जाऊ द्या.

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "माझं कपाट दादालाच द्या. नंतर."

"ह्याला?"

"तो तसलाच आहे. पण सगळे अंक एका जागी तरी येतील. आम्ही तेव्हाच ठरवलं होतं, जो मागं राहील त्याच्याकडे सगळे. तुमच्याकडे राहिले तर तुम्ही त्यांच्यावर तुमचे नट-बोल्टचे पाने ठेवाल."

"मी पाने घरात आणत नाही."

"आणता. मी इथं आले त्या दिवशीही एक ओट्यावर होता." जरा वेळानं म्हणाली, "देणार ना?"

मी हो म्हणालो. मुलगी तिथंच होती. तिनंही ऐकलं.

सगळं आटोपल्यावर दादा पहिल्यांदा आले ते रिकामे खोके घेऊन. खाली टेम्पो थांबवून आले होते. चहाला नको म्हणाले. खोलीत उभं राहून भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "तुमच्याकडे ओल आहे. एवढी वर्षं टिकले हे नवल. मला वाटतं आजच हलवू."

कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "देणार आहे. एक अट आहे."

"काय?"

"तो अंक इथं घेऊन या. माझ्यासमोर उघडा. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. मग तुमचा टेम्पो भरून न्या."

ते हसले. दातांचे डॉक्टर हसतात तसे, वरचे दात दाखवून. "तुम्ही कधी एक तरी अंक वाचलाय का मिस्त्री?"

"नाही."

"मग तुम्हाला काय करायचाय शेवट?"

"माझ्यासाठी नाही मागत."

त्यांना समजलं. चेहरा उतरला. मुलगी म्हणाली, "बाबा, असं नका करू." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दादा रिकामे खोके घेऊन खाली गेले. जिन्यात एक खोका निसटून गडगडत गेला, तो मला वरून ऐकू आला.

त्यांनी बराच काळ कळ काढली. फोन करायचे. आधी कायद्याचं बोलले, मग मुलीकरवी सांगून पाहिलं, मग म्हणाले बहिणीच्या आत्म्याला क्लेश होतील. मी म्हणायचो, "अंक आणा." शेवटी एका दुपारी आले. हातात तोच फडक्यात गुंडाळलेला अंक आणि कातड्याची छोटी पेटी.

मी मुलीला बोलावून घेतलं होतं. तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. दादांनी पेटीतून दातांच्या कामाचं बारीक पातं काढलं आणि प्लॅस्टिकच्या कडेवर ठेवलं. हात त्यांचा आयुष्यभर चांगला होता म्हणतात. पातं ठेवून ते नुसते बसून राहिले.

"मामा, नको असेल तर राहू दे," मुलगी म्हणाली.

"नाही," मी म्हणालो, "उघडू दे."

त्यांनी कड कापली. आतून एक वास आला, जुन्या चपलेसारखा. मुखवटा वरच होता. त्यांनी तो धरून उचलला तर मुखपृष्ठ त्याच्याबरोबर उचललं गेलं. रबर वितळून गुळासारखं झालं होतं आणि मुखवटा, मुखपृष्ठ, आतली पानं, सगळं एकमेकांना धरून बसलं होतं. दवाखान्यात ज्या भिंतीवर चौकट होती, तिच्या पलीकडच्या बाजूला अवजारं उकळायचं यंत्र होतं. दिवसभर वाफ. हे दादांनीच नंतर सांगितलं, मला नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"चिकटलंय," ते म्हणाले.

"सोडवा."

त्यांनी पेटीतून दुसरं हत्यार काढलं, टोकाला वाकडं. पहिल्या दोन पानांच्या मध्ये घातलं आणि हळूहळू सरकवलं. ते काम बघण्यासारखं होतं. श्वास रोखून, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे. पान सुटलं, पण शाई पलीकडच्या पानावर राहिली. दोन्ही पानांवर अर्धं अर्धं चित्र, दोन्ही उलटं सुलटं, अक्षरं एकमेकांवर बसलेली.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"वाचता येत नाही."

"पुढचं पान."

"फाटेल."

"फाटू दे."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"पुढचं पान, दादा."

त्यांनी केलं. ते का करत होते हे मला तेव्हाही कळलं होतं. त्यांनाही बघायचं होतं. आयुष्यभर नको नको म्हणत त्यांनी जे टांगून ठेवलं होतं, ते आता हातात होतं, आणि पुढच्या पानावर कुठंतरी घार जमिनीला टेकलेली किंवा न टेकलेली असणार होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. प्रत्येक पानाचे आधी तुकडे पडले, मग सालपटं, मग नुसता भुगा. मधली पानं तर वीट झाली होती. एका सालपटावर बटण होता, तोंड उघडं, वर बघत असलेला. त्याच्या तोंडाजवळचा बोलण्याचा फुगा पांढरा होता, अक्षरं दुसरीकडे निघून गेली होती. दादांनी ते सालपट उजेडाला धरलं, उलटं केलं, नखानं खरवडलं.

"इथं घार असणार," ते म्हणाले. "बघा, हा काळा भाग. हा तिचा हात आहे."

"रबर आहे ते," मी म्हणालो.

मुलगी उठून गॅलरीत गेली. शेवटचं पान होईपर्यंत मी दादांना थांबू दिलं नाही. टेबलावर ढीग झाला तेव्हा त्यांनी हत्यारं पुसून पेटीत ठेवली, आपापल्या जागी. मग, "झालं. द्या किल्ली."

"वाचून दाखवा म्हटलं होतं."

"हे कसं वाचणार?"

"ते तुम्ही बघा."

"मिस्त्री, मी ती प्रत घालवली. तुमच्यासाठी घालवली."

"माझ्यासाठी नाही. ज्या दिवशी तिनं घालवायला सांगितलं होतं त्या दिवशी तुम्ही रुमालानं पुसत होता."

"तेव्हा उघडली असती तरी असंच निघालं असतं," ते म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. मीही तोच विचार करत होतो.

"असेल. पण तिनं बघितलं असतं, की असंच आहे."

तेव्हा ते रडले. म्हातारा माणूस, टेबलावरचा भुगा तळहातानं एकत्र करत. मी उठून त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लासही ठेवला नाही. मुलगी आत आली, तिनं ठेवला. तिनंच त्यांना खाली रिक्षेपर्यंत सोडलं. परत येऊन म्हणाली, "आईनं सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणाला होता. मी तिथं होते."

"माहीत आहे मला."

"मग?"

तिनं भुगा पिशवीत भरला आणि विचारलं, हे टाकू का. मी म्हणालो, टाक. तिनं टाकला नाही, मामाकडे पोचवला. ते मला नंतर कळलं.

आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते. दादा अजून येतात. गेल्या वेळी दार उघडलं तर म्हणाले, "न्यायला नाही आलो. पहिला अंक नुसता बघू द्या. त्याच्यावर आम्हा दोघांची नावं आहेत, तिनं लिहिलेली. तिचं अक्षर तेव्हा वेगळं होतं."

मी म्हणालो, "अंक तिचे आहेत. ती घरी नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत कपाटाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं," आणि जिना उतरले. जिन्याचा कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

सुट्टीच्या दिवशी मी हात धुऊन, पुसून एक एक अंक काढतो. तिच्या शिवणीच्या पिशव्यांना नाडी आहे, ती माझ्या जाड बोटांनी पटकन सुटत नाही. मला वाटलं होतं दोन पानांत कंटाळा येईल. आला नाही. बटण भारी आहे. एकदा घार गटारात अडकते आणि तो तिला सोडून पळतो, कोपऱ्यावर बसून वडा खातो, वडा संपल्यावर परत येतो. त्यावर मी एकटा हसलो. भुयारीच्या शिंकांनाही हसलो. कुठल्या पानाला तिचं बोट लागून लागून कोपरा मऊ झालाय, ते कळतं. तिथं ती थांबत असणार. तिथं मीही थांबतो, पण का ते कळत नाही, आणि विचारायला कोणी नाही.

घड्याळाच्या मनोऱ्याचा अंकही वाचून झाला. घार हवेत आहे. आता मलाही पुढचं बघायचं आहे, आणि पुढचं मीच माझ्यासमोर फाडून घेतलं.

पाने मी खाली सायकलच्या डब्यात ठेवतो, घरात आणत नाही.

किल्ली माझ्या खिशात असते. कपाट दादांना द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही.